आठवण पण न्हाय काढली तुझी

ताई,

रोज संध्याकाळी सव्वासात-साडेसातला मी पायरीवर चपला काढायचे आणि आत यायच्या आधीच विचारायचे, "रडली का?" तू माझ्या पोरीला, मैत्रीला, कडेवर घेऊन आतूनच म्हणायचीस, "न्हाय गो. आठवण पण न्हाय काढली तुझी."

वर्षभर हेच. एक दिवस उत्तर बदललं नाहीस.

तुला पहिल्यांदाच 'तू' म्हणतेय. मोठी जाऊ म्हणून जिवंतपणी अहोजाहो केलं. मनात मात्र लग्न होऊन आले तेव्हापासून 'तू'च होतीस. मनात आपलं भांडण चालू असायचं, आणि भांडताना कोण अहोजाहो करतं? तीन दिवसांच्या तापात तू गेलीस, त्याला आज अठरा दिवस झाले. भांडण अजून संपलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

बाकीच्यांचं तुझ्याबद्दल चांगलं बोलून झालं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात सगळं गाव गोळा झालं होतं. कष्टाळू होती, मायाळू होती, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग मला उठवलं. "सुजाता बोलेल, ती शिकलेली आहे." आमच्या दोन्ही घरांत मिळून पहिली पदवी माझी. बी.कॉम. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण त्या दिवशी माईकसमोर दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. तिसरं वाक्य तोंडावर आलं होतं, ते तिथं बोलण्यासारखं नव्हतं. मी या बाईवर जळत होते.

जळत होते, हाच शब्द. हेवा वगैरे पुस्तकात ठीक आहे.

मैत्री सहा महिन्यांची झाली तेव्हा माझी रजा संपली. मानकोलीच्या गोडाऊनमध्ये मला नुकतंच इनवर्डची सुपरवायझर केलं होतं. गाडी लागली की माल उतरवून घ्यायचा, स्कॅन करायचा, रॅकला लावून द्यायचा. हाताखाली बावीस माणसं, त्यातली निम्मी माझ्याहून वयानं मोठी, आणि सगळी 'मॅडम' म्हणणारी. ते सोडून घरी बसायचं माझ्या मनात नव्हतं. तूच पुढं आलीस. "मी हाय ना घरात. जा तू ड्युटीला." मी हो म्हटलं. त्या दिवशी मला फार हलकं वाटलं होतं, हे कबूल करते.

पहिले काही दिवस दुपार झाली की छाती भरून यायची. लेडीज टॉयलेटमध्ये जाऊन बेसिनमध्ये दूध पिळून टाकायचे, नळ सोडायचे, तोंड धुऊन बाहेर यायचे. बाहेर गाड्या लागतात त्या डॉकला बाळांच्या डायपरचे खोके उतरत असायचे. खोक्यांवर गोबरी हसरी बाळं छापलेली. स्कॅनर एकेका बाळावर धरायचे आणि वाटायचं, आता घरी तिनं मला शोधलं असेल. आता रडली असेल. त्या विचारानं जीव तुटायचा आणि, खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं. लेकरू आपल्यासाठी रडतंय म्हणजे ते आपलं आहे.

मग घरी यायचे आणि तू म्हणायचीस, आठवण पण न्हाय काढली.

आणि ते खरंच वाटायचं. मी हात पुढे करायचे, मैत्री तुझ्या मानेत तोंड खुपसायची. तू म्हणायचीस, "जा, मम्मीकडं जा, बघ मम्मी आली." ती मान हलवायची. तू हसायचीस. ते हसू मी मनात किती वेळा उगाळलं असेल! मला वाटायचं, जिंकल्यासारखी हसते.

बोलायला लागली तेव्हा तर कहरच. तू तिची मोठी आई. घरात सगळे मला नावानं हाक मारतात, तेच तिनं उचललं. तुला 'आई' म्हणायला लागली आणि मला 'सुजा'. भावजी हसून लोटपोट. माझे हे पण हसले. "सुजा, पाणी दे," म्हणून मला चिडवायला लागले. मीसुद्धा हसले, सगळ्यांसमोर काय करणार. दुसऱ्या दिवशी डॉकवर एका पोरावर खोका तिरका ठेवला म्हणून एवढी ओरडले की तो म्हणाला, "मॅडम, आज घर पे कुछ हुआ क्या?"

पहिल्या वाढदिवसाचा केक आठवतो? मी तिचा हात धरून सुरी चालवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिनं केकचा लपका उचलून माझ्या डोक्यावरून मागं तुझ्याकडं हात लांब केला. माझ्या केसांना क्रीम. बायका हसल्या. तू पुढं झालीस, केक खाल्लास, आणि पदरानं माझे केस पुसलेस. तू तेव्हा पुसायला नको होतंस.

सुकटीचं भांडण तर आपण अर्धवटच सोडलं. नऊ महिन्यांच्या पोरीला तू मऊ भातावर सुकटीच्या कालवणाचं पाणी घालून भरवत होतीस. मी मोबाईल काढून दाखवला, डॉक्टरांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, मीठ नको, तिखट नको. तू भरवणं न थांबवता म्हणालीस, "डॉक्टरला इचार, तो काय खाऊन मोठा झाला." मी म्हटलं, "तुम्हाला काही कळत नाही." तू मैत्रीला म्हणालीस, "ऐकलं का गो, आपल्याला काय कळत न्हाय. खा." आणि ती मिटक्या मारत खात होती. मी मुगाची खिचडी केली की थुंकायची. सांग, कोण नाही जळणार?

आता ओढणीचं. ते तुला ऐकून घ्यावंच लागेल.

गोडाऊनमध्ये ओढणी चालत नाही, माल सरकवायच्या बेल्टमध्ये अडकते. म्हणून घरात अंगावर असलेली पिवळी ओढणी सकाळी निघताना मी काढायचे. तिच्यावर दुधाचे डाग, लाळ, सगळं. मला कपडे अंगावर वास येईपर्यंत वापरायची सवय नाही. आमच्या आईनं आम्हाला एकच शिकवलं, लोकांनी आपल्या कपड्यांकडं बघून नाक मुरडायला नको. म्हणून मी ती रोज धुवायला टाकायचे. एक दिवस तू म्हणालीस, "नको धूस ती रोज. फाटंल." मी म्हटलं, फाटली तर दुसरी घेईन. पण त्यानंतर ओढणी बादलीत टाकली तरी संध्याकाळी दारामागच्या खिळ्याला कोरडीच लटकलेली दिसायची. मला वाटलं, धुवायचा कंटाळा.

मग मे महिन्यात एकदा गाड्या लवकर उरकल्या आणि मी दुपारी अडीचला घरी आले. तू ओटीवर येरझाऱ्या घालत होतीस. साडीवरून माझी पिवळी ओढणी डोक्यापासून खांद्यापर्यंत लपेटलेली, मैत्री त्यात तोंड घालून झोपलेली. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं मीच आहे.

"ही माझी ओढणी ना?" मी विचारलं.

तू दचकलीस. मग हळू आवाजात, पोर उठू नये म्हणून, म्हणालीस, "थंडी वाजत हुती."

मे महिन्यात थंडी! तुझ्या कपाळावरून घाम ओघळत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोर घेतली, 'आई' घेतलं, आता ओढणी पण. दुसऱ्या दिवशी येताना भिवंडीच्या मार्केटमध्ये उतरले, तसल्याच पिवळ्या रंगाची नवी कोरी ओढणी घेतली आणि तुझ्या हातात दिली. "घ्या ताई. ही तुमची, ती माझी." तू ओढणीकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस. "बरी हाय," म्हणालीस आणि घडी न मोडता पेटीत ठेवून दिलीस. आणि माझी ओढणी खिळ्यावर कोरडीच राहिली.

शेवटचं भांडण तुला ताप यायच्या आदल्या दिवसाचं. संध्याकाळी आले, हात पुढं केले, मैत्रीनं माझ्या गालावर चापट मारली. लहान पोरं मारतात, त्यात काही नसतं, हे मला कळतं. पण मी म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून हिला पाळणाघरात टाकते. तुम्हाला पण आराम." आराम हा शब्द मी कसा उच्चारला ते तुला कळलं. तू मैत्रीला माझ्या हातात दिलीस. ती रडायला लागली तरी परत घेतली नाहीस. एवढंच म्हणालीस, "टाक की. तुझी पोर हाय."

तुझी पोर हाय. वर्षभर हेच ऐकायचं होतं मला. आणि तू ते असं बोललीस की मला रात्रीचं जेवण गेलं नाही. सकाळी सॉरी म्हणावं असं ठरवलं होतं. सकाळी तुझं अंग तापलेलं होतं, मला कामाची गाडी पकडायची होती. म्हटलं, संध्याकाळी म्हणू.

कार्यक्रमासाठी तुझा फोटो हवा होता. सगळ्यांचे मोबाईल पालथे घातले. माझ्या मोबाईलमध्ये मैत्रीचे ढीगभर फोटो, आणि तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, जवळजवळ प्रत्येक फोटोत ती माझ्याकडं नाही, फोटोच्या बाहेर बघते. हसते ती पण बाहेर बघून. बाहेर तू उभी असायचीस. 'इकडं बघ, मोबाईलकडं बघ,' म्हणून टिचक्या वाजवत. पोरगी सगळीकडं, तू कुठंच नाही. शेवटी एका फोटोत चुकून अर्धी आलेली सापडलीस, खांद्यावर माझी पिवळी ओढणी. स्टुडिओवाल्यानं विचारलं, "ओढणी काढू का, साडी लावून देतो." मी म्हटलं, राहू दे. का म्हटलं ते तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

नंतर तुझे कपडे काढायला बसलो, मी आणि तुझी प्रणाली. बायकांनी तुझ्या वापरातल्या साड्या आधीच धुऊन वाळवून ठेवल्या होत्या, त्या द्यायच्या होत्या. पेटीच्या तळाशी ती नवी ओढणी निघाली. लेबलसकट. माझ्या तोंडून निघून गेलं, "बघ. वापरली पण नाही. माझीच पाहिजे होती तिला."

प्रणाली घड्या करायची थांबली. तुझी पोर तुझ्यासारखीच, पटकन बोलत नाही. हातातली साडी खाली ठेवून म्हणाली, "काकी, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"मैत्री तुमची ओढणी घेतल्याशिवाय झोपायचीच नाही. धुतलेली चालायची नाही तिला. नवीन तर नाहीच. तुमचा वास लागायचा. तुम्ही गेल्या की दाराशी बसून रडायची. तासतासभर. मम्मी ती ओढणी अंगावर घेऊन तिला भरवायची. मी कॉलेजमधून आले की बघायचे ना रोज."

मी म्हटलं, "ती तर म्हणायची, आठवण पण नाही काढली."

"मला पण दम दिला होता. काकीला बोललीस तर बघ म्हणून."

मग तिनं कांडीचं सांगितलं. तू लूमच्या कारखान्यात सुताची कांडी भरायला जायचीस, हे मला माहीत होतं. भावजींनी सोडायला लावलं असं मी धरून चालले होते. तसं नव्हतं. प्रणाली वर्षाची होती, सासूबाई तिला सांभाळायच्या, आणि तू कामावरून आलीस की रोज न चुकता सांगायच्या, आज पोरगी किती रडली, कशी निळी पडली, कशी तुझं नाव घेत होती. वाईट मनानं नाही, जे घडलं ते सांगायच्या. महिन्याभरात तू कांडी सोडलीस. तुला ते काम आवडायचं. प्रणाली म्हणाली, "मम्मी बोलायची, पोराचं रडणं सांगितलं की बाई घरी बसते. सुजाताला मी बसू देणार न्हाय."

ताई, मी त्या पेटीसमोर बसून रडले, पण तुला वाटतं तसं नाही. आधी राग आला. माझी पोरगी माझ्यासाठी रडत होती, ते रडणं माझं होतं. त्याच्यावर माझा हक्क होता. मी बेसिनमध्ये दूध ओतताना जे मनात धरून होते ते सगळं खरं होतं, आणि तू मला रोज सव्वासातला सांगत होतीस की खोटं आहे. मी वर्षभर जळले ते तुझ्या एका थापेवर. एकदा तरी सांगायचंस. आठवड्यातून एकदा. मी एवढी कच्ची नव्हते.

होते का? हेच आपलं राहिलेलं भांडण आहे, आणि तू समोर नाहीस म्हणून मला दोन्ही बाजूंनी भांडावं लागतं. मे महिन्यात तू मला सांगितलं असतंस, की तासभर दाराशी बसून रडली, तर मी दुसऱ्या दिवशी गाडी पकडली असती? मनावर हात ठेवून सांगते, पकडली नसती. तू मला माझ्याहून जास्त ओळखलंस. माझं 'मॅडम' तू तुझ्या खांद्यावर घामेजल्या ओढणीखाली सांभाळलंस, आणि वर माझे टोमणे खाल्लेस. त्या हसण्याचं पण आता कळतं. ती जिंकल्याची खूण नव्हती. मी घरात शिरेपर्यंत पोरगी गप्प झाली, याचं हसू होतं ते.

आता मला तुझा आणखीच हेवा वाटतो. एवढं मोठं मन मला कुणी दिलं नाही आणि कॉलेजात शिकवलंही नाही.

आता मैत्री तुला शोधते. 'आई, आई' करत पलंगाखाली बघते, मोरीत बघते. मी म्हणते, मी आहे ना, तर म्हणते, 'सुजा.' परवा रविवारी दुपारी काही केल्या झोपेना. तुझी एखादी साडी मिळाली असती तर, पण साड्या सगळ्या धुतलेल्या. मग दारामागं लक्ष गेलं. पिवळी ओढणी तिथंच होती. सगळ्यांना वाटलं सुजाताची आहे, म्हणून तुझ्या कपड्यांबरोबर कुणी धुतली नाही. मी नाकाला लावली. तुझी मशेरी, खोबरेल, सुकट, चुलीजवळचा घाम. माझा वास कुठं उरलाच नव्हता. ती अंगावर घेतली आणि मैत्री पाच मिनिटांत झोपली. माझ्या अंगावर, तुझ्या वासात. बघ, जाऊनही तूच जिंकलीस.

तू गेल्यावर घेतलेली रजा संपत आली होती, सोमवारी कामावर जायचं होतं. प्रणाली म्हणाली, "काकी, मी थांबते घरी. बारावी पुढच्या वर्षी देईन." तिच्या आवाजात तू होतीस, म्हणून मी जरा जोरातच बोलले. "अजिबात नाही. परत हा विषय काढायचा नाही." तिनं मान हलवली, पण तिच्या मनातून गेलं नव्हतं. पुस्तक मिटलेलंच होतं.

तेव्हा पाळणाघर. ज्याची मी तुला धमकी दिली होती तेच. सकाळी तिथल्या मावशींच्या हातात मैत्री दिली आणि पिशवीतून ओढणी काढून दिली. म्हटलं, "ही जवळ ठेवा. आणि कृपा करून धुऊ नका." त्यांनी ओढणीकडं बघून नाक मुरडलं. मुरडू दे.

संध्याकाळी न्यायला गेले. मावशी सरळ बाई आहेत. विचारायच्या आधीच म्हणाल्या, "खूप रडली हो. दाराशीच बसून होती. आई आई करत होती. शेवटी ते फडकं दिलं तेव्हा झोपली." कुणाला हाक मारत होती ते मी त्यांना सांगितलं नाही. रिक्षात घर येईपर्यंत तिला ओढणीसकट छातीशी धरून बसले. तिनं तोंड फिरवलं नाही. थकली होती बहुतेक.

घरी आले. पायरीवर चपला काढत होते, तर आतून प्रणालीचा आवाज आला.

"काकी, रडली का?"

मी मैत्रीला कडेवर सावरलं. तिचे डोळे सुजलेले होते, ते माझ्या खांद्याकडं वळवले. आणि म्हटलं, "नाही गं. आठवण पण नाही काढली."

प्रणाली दारात आली. माझ्याकडं बघितलं, मैत्रीच्या डोळ्यांकडं बघितलं, ओढणीकडं बघितलं. तुझी पोर आहे, तिला काय कळायचं राहिलंय. तुझी थाप वर्षभर टिकली, माझी उंबरठ्याच्या आत पण आली नाही. तुझ्याइतकं सफाईनं मला जमलं नाही, ताई. याचाही हेवा वाटला.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि आत जाऊन पुस्तक उघडलं.